स्पेनमधील लष्करी उठाव, १९८१
स्पेनमधील लष्करी उठाव, १९८१ : स्पेनमधील नवी लोकशाही राजवट उलथून पाडण्यासाठी भूसेनेतील व नागरी रक्षक दलातील काही अधिकाऱ्यांनी २३ फेब्रुवारी १९८१ रोजी केलेला अयशस्वी प्रयत्न. अशा प्रसंगी शासनसंस्थेने काय करावयाचे असते, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

पार्श्वभूमी : हुकूमशहा फ्रान्सिस्को फ्रँको याच्या मृत्यूनंतर (१९७५) राजा ह्वान कार्लोस व पंतप्रधान आदोल्फो स्वारेस यांनी संसदीय लोकशाहीचा मार्ग अनुसरला, १९७८ मध्ये नवे संविधान सार्वमताने संमत झाले. बास्क दहशतवाद, प्रदेशांना दिलेली स्वायत्तता व कम्युनिस्ट पक्षास मिळालेली मान्यता यांमुळे जुन्या राजवटीचे निष्ठावंत अधिकारी असंतुष्ट होते. नागरी रक्षक दलाचा लेफ्टनंट कर्नल अंतोन्यो तेहेरो याचा मंत्रिमंडळास ताब्यात घेण्याचा कट नोव्हेंबर १९७८ मध्ये उघडकीस आला. परंतु त्यास सुमारे सात महिन्यांचीच शिक्षा झाली व त्याचा हुद्दाही कायम राहिला. ही सौम्यता पुढे महागात पडली.

उठाव : स्वारेसने राजीनामा दिल्यानंतर लेओपोल्दो काल्व्हो सोतेलो याच्या पंतप्रधानपदासाठी माद्रिद येथे संसदेच्या कनिष्ठ गृहात मतदान चालू असता तेहेरो सशस्त्र रक्षकांसह आत शिरला. छताच्या दिशेने गोळ्या झाडून त्याने मंत्र्यांसह सर्व प्रतिनिधींना ओलीस धरले. व्हॅलेन्सिया येथे लेफ्टनंट जनरल हाइमे मिलान्स देल बोस्क याने रणगाडे रस्त्यावर आणले. राजाचा पूर्वीचा निकटवर्ती जनरल आल्फोन्सो आर्मादा याने स्वतःच्या नेतृत्वाखाली संयुक्त सरकार बनविण्याची योजना मांडली; तीत डाव्या पक्षांनाही स्थान असल्याने तेहेरोनेच ती धुडकावली.

शासनाचा प्रतिकार : मंत्रिमंडळच ओलीस असल्याने मंत्रालयांतील दुय्यम अधिकाऱ्यांची एक हंगामी समिती सुरक्षा-संचालक फ्रान्सिस्को लाइना याच्या अध्यक्षतेखाली कारभार पाहू लागली. आपणांस राजाचा पाठिंबा आहे, असे कटवाले भासवीत होते. संविधानानुसार सेनादलांचा सरसेनापती असलेल्या राजाने विभागीय सेनाधिकाऱ्यांशी दूरध्वनीवरून संपर्क साधला आणि मध्यरात्रीनंतर लष्करी गणवेशात दूरचित्रवाणीवरून संविधानाच्या बाजूने निःसंदिग्ध भूमिका घेतली. त्यामुळे बंडखोरांचा आधारच नाहीसा झाला. मिलान्सने पहाटे सैन्य मागे घेतले. तेहेरो २४ तारखेस दुपारी शरण आला. या घटनेत प्राणहानी झाली नाही. २५ तारखेस काल्व्हो सोतेलो १८६ विरुद्ध १५८ मतांनी निवडून आला आणि २७ तारखेस लोकशाहीच्या समर्थनार्थ देशभर प्रचंड मोर्चे निघाले.

परिणाम : लष्कराच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तेहेरो व मिलान्स यांना प्रत्येकी ३० वर्षांची, तर आर्मादास ६ वर्षांची शिक्षा दिली. शासनाने नागरी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर १९८३ मध्ये आर्मादाची शिक्षाही ३० वर्षांवर गेली. तथापि १९८८ मध्ये त्यास माफी मिळाली. १९८४ च्या कायद्याने सेनाप्रमुखांवरील संरक्षणमंत्र्याचा अधिकार दृढ करण्यात आला. राजाच्या घोषणेने उठाव एका रात्रीत मोडला. परंतु लष्करावर नागरी सत्तेचे वर्चस्व प्रस्थापित झाले, ते न्यायालयीन निर्णय व त्यानंतरच्या सुधारणा यांमुळेच.