जुन्या ट्रेलरच्या भागांची ओळख

बैलगाडी मराठी माणसाच्या इतकी परिचयाची, कीं तिच्या प्रत्येक भागास भाषेंत स्वतंत्र नांव आहे. जूं, दांडी, साटा, आंस, तुंबा, आरे, धांव हे शब्द, ज्यानें कधीं कासरा हातीं धरला नाहीं, त्याच्याहि कानांवरून गेलेले असतात. आरा मोडला तर सुताराकडे निरोप धाडण्यास तो एक शब्द पुरेसा होई. ट्रेलर मात्र मोटारीच्या मागोमाग गांवांत आला आणि त्याचे भाग घरच्या माणसांस निनांवीच राहिले. त्यामुळें विहिरीपाशीं वर्षानुवर्षें उभा असलेला जुना ट्रेलर पुन्हां रस्त्यावर आणावयाचा झाला, कीं कोणता भाग हवा हें दुकानदारास सांगतांनाच मालक अडखळतो.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत हा प्रश्न लहान नाहीं. १९५० सालीं प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामागून जिल्ह्यांत इतरहि कारखाने उभे राहिले आणि उसाच्या वाहतुकींत बैलगाडीच्या जोडीस टायरगाडी व ट्रॅक्टरचा ट्रेलर आले. शहर तर लष्कराचें जुनें ठाणें. १९९४ सालीं उघडलेलें तेथील रणगाड्यांचें संग्रहालय पाहावयास दुरून लोक येतात. शेती आणि लष्कर या दोन्ही कामांसाठीं ट्रेलर बनले. त्यांचे मोजमापांचे संकेत मात्र एक नाहींत. ब्रिटिश, अमेरिकन आणि मेट्रिक असे तीन संकेत एकाच गाड्यांत एकत्र आलेले असूं शकतात, आणि घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

परीक्षेस आरंभ जोडणीपासून करावा. पुढच्या टोकास जाड लोखंडी गोल कडें असेल, तर तें वाहनाच्या मागील आंकड्यांत अडकविण्यासाठीं असतें; ही लष्करी ट्रेलरची नेहमींची पद्धत होय. दुबेळक्यांत उभी पिन घालण्याची सोय असेल, तर गाडा ट्रॅक्टरसाठीं केलेला असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या महायुद्धांत जीपमागें जोडला जाणारा अमेरिकन पाव टनी ट्रेलर बँटम व विलिस या कंपन्यांनीं बनविला. त्याची पेटी पाण्यावर तरंगेल अशी बंद असून तळाशीं पाणी सोडण्याचीं बुचें होतीं. असें बूच दिसलें तर शोधास चांगली दिशा मिळते.

यानंतर चाक. टायरवर ६.००-१६ असा आंकडा असेल, तर टायर सहा इंच रुंदीचा आणि सोळा इंची रिमचा आहे, इतकेंच कळतें. टायर बदलत राहतात. म्हणून खरी साक्ष बोल्टांच्या भोकांची. भोकें सहा असतील, तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतील अंतराची दुप्पट म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास. भोकें पांच असतील, तर तेंच अंतर १.७ नें गुणावें. जीपच्या चाकास पांच भोकें असून व्यास साडेपांच इंच असतो. म्हणजे शेजारचें अंतर सव्वातीन इंचांस किंचित् कमी भरतें. त्या काळच्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असत व त्यांवर इंग्रजी 'एल्' अक्षर कोरलेलें असे. हें न जाणतां पाना नेहमींच्या दिशेस रेटला, कीं नट सुटण्याऐवजी आवळत जातो आणि बोल्ट तुटतो.

आट्यांची फसवणूक याहून सूक्ष्म आहे. अर्ध्या इंचाच्या जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ बोल्टास इंचामागें १२ आटे असतात. तितक्याच जाडीच्या अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टास १३. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे चढतो आणि मग अडतो. तो घट्ट बसला असें वाटतें. वस्तुतः आटे एकमेकांस कुरतडत असतात. आटे मोजण्याची पट्टी लावली, तर हा संशय क्षणांत फिटतो.

सर्वांत जोखमीचा भाग चाकाच्या तुंब्यांतला, म्हणजे बेअरिंग. तें केरोसिननें धुऊन कड्यावरचा आंकडा वाचावा. मेट्रिक पद्धतीच्या ३०२०८ या निमुळत्या बेअरिंगांत शेवटच्या दोन आंकड्यांची पांचपट, म्हणजे ४० मिलिमीटर, हा आंतील भोकाचा व्यास होय. इंची बेअरिंगास हा हिशेब लागूं पडत नाहीं. तेथें आंतील व बाहेरील कड्यांवर निरनिराळे आंकडे असतात. दोन्ही टिपून घ्यावे. आंकडा झिजला असल्यास आंतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी व्हर्नियरनें मोजावी. कड्यावर निळसर झांक असेल, तर तें तापून गेलेलें समजावें आणि पुन्हां वापरूं नये.

एका भागावरून मात्र सबंध गाड्याची जात ठरवूं नये. युद्धकाळांत फोर्डनें बनविलेल्या जीपच्या बोल्टांवर 'एफ्' अक्षर असे. तसा बोल्ट ट्रेलरमध्यें सांपडला, तर तो बोल्ट फोर्डचा, एवढेंच सिद्ध होतें. दुरुस्तींत ट्रकचा आंस, दुसऱ्याच गाडीचे कमानपाटे आणि नवी पेटी एकत्र आलेलीं असूं शकतात. रंग आणि विकणाऱ्याचा शब्द यांवर तर मुळींच विसंबूं नये.

उसाच्या हंगामांत ओझ्यानें वांकलेला ट्रेलर अंधाऱ्या रस्त्यानें जात असतो आणि मागून दुचाकीवर कोणी घरीं परतत असतो. अंदाजानें बसविलेलें बेअरिंग तेथें फुटलें, तर त्याची किंमत त्या परक्या माणसास मोजावी लागते. म्हणून प्रत्येक भाग काढतांच त्यास चिठ्ठी बांधावी आणि त्याची बाजू, आंकडा व मापें वहींत लिहून ठेवावीं. बैलगाडीच्या भागांचीं नांवें पिढ्यांनीं तोंडपाठ ठेवलीं. ट्रेलरच्या भागांचीं त्या वहींत राहतील, आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळीं मुलाबाळांस चांचपडावें लागणार नाहीं.