आईची ओटी, कळसूबाईच्या माथ्यावर

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघर घट बसतात, नंदादीप तेवू लागतो आणि भाविकांचे मन कोल्हापूर, तुळजापूर, माहूर व वणी या साडेतीन पीठांकडे धाव घेते. त्याच नऊ दिवसांत अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील बारी या गावाहून डोंगरावर जाणाऱ्या एका पायवाटेवरही माणसांची रीघ लागते. ती वाट कळसूबाईची. उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. आणि त्या सर्वोच्च जागी देऊळ आहे ते कोणा राजकन्येचे नव्हे, लोकांच्या घरी कामास राहिलेल्या एका मुलीचे.

कथा अशी सांगतात. कळसू ही कोळ्याची पोर. रानावनांत हिंडण्याची तिला भारी आवड. हिंडत हिंडत ती पायथ्याच्या गावी आली आणि एका कोळी कुटुंबात कामास राहिली. मात्र भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, अशी अट तिने आधीच घातली होती. काही काळ सारे सुरळीत चालले. एके दिवशी घरातील कोणी तिला तीच दोन कामे सांगितली. ती भांडली नाही, रडलीही नाही. तिने भांडी घासली, केर काढला आणि थेट डोंगराची वाट धरली. ती पुन्हा खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर टाकला ती काळदरा, अशी नावे त्या डोंगरावर आजही घेतली जातात. शब्द मोडणाऱ्यांना शाप न देता देव झालेली अशी देवता आपल्या पुराणांतही विरळाच आढळेल.

आमच्या घरी या देवीचा नवस आहे. पहिली दोन मुले गेल्यावर माझ्या आईने तो बोलला होता. तिसरे मूल जगले, तो मी. पाय चालतील तोवर दर नवरात्रात माथ्यावर येऊन ओटी भरीन, असा तिचा शब्द होता आणि तो तिने कितीतरी वर्षे पाळला. आरंभीच्या वर्षांत कड्यांवर लोखंडी शिड्या नव्हत्या. कातळात खोदलेल्या खोबण्या आणि साखळ्या यांच्या आधाराने, नऊवारीचा काचा मारून ती वर गेलेली आहे. आता तिचे वय ८४. उंबरा ओलांडताना भिंत धरावी लागते.

२०२४ च्या नवरात्रात मंगळवार एकच आला, ८ ऑक्टोबरचा. मंगळवार व गुरुवार हे या देवीच्या पूजेचे वार. आदल्या रात्री आईने ओटी बांधून माझ्यापुढे ठेवली : खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, हिरव्या बांगड्या. म्हणाली, "वर जमलं नाही तर खालच्या देवळात ठेव. देवी तीच आहे." वाटेवर खालच्या अंगाला देवीचे एक देऊळ आहे, ज्यांना माथा गाठवत नाही ते तेथूनच नमस्कार करतात. आई हे मनापासून बोलली की माझी पारख करीत होती, ते मला अद्याप उमगलेले नाही. घरी घट बसलेला, त्यामुळे पत्नीला निघता येईना. मी एकटाच निघालो.

पहाटे पाच वाजता विजेरीच्या प्रकाशात बारी सोडले. भाताची खाचरे दाण्यावर आली होती; बांधावरचे ओले गवत पायांना लागत होते. खालच्या देवळाशी पोचलो तेव्हा नुकते फटफटत होते. मी हात जोडले आणि ओटीच्या पिशवीवरचा हात न काढता पुढे चालू लागलो.

बारीपासून माथा सुमारे नऊशे मीटर उंच आहे. चढ सलग नाही. दम लागावा, मग थोडी सपाटी यावी, पुन्हा कातळ समोर उभा राहावा, असा त्याचा क्रम. उतारांवर सोनकीची पिवळी फुले दाटली होती. ती डोळे भरून पाहावीत तो ढग खाली उतरले आणि दहा पावलांपलीकडचे काही दिसेना. एका शिडीच्या मध्यावर असताना वारा असा सुटला की मी दोन्ही हातांनी गज कवटाळून उभा राहिलो. लोखंड दवाने ओले, बुळबुळीत. गुडघा थरथरत होता. माझे वय ५८. खाली कोणी दिसत नव्हते, वर कोणी दिसत नव्हते. परत फिरावे, असे त्या क्षणी मनात स्पष्ट आले. आईने मुभा दिलीच होती. तिला कळले तरी ती शब्दाने दुखवणार नव्हती. तो विचारच मला खरा अवघड वाटला.

वारा ओसरला तेव्हा मी वरची पायरी धरली. यात शौर्य काही नाही. ओल्या शिडीवरून उतरणे हे चढण्याहून कठीण, एवढेच ध्यानी आले होते. पावसाळी हवेत या वाटेवर एकट्याने जाऊ नये, हे मात्र येथे बजावून सांगितले पाहिजे. मी गेलो, म्हणून ते योग्य ठरत नाही.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. तिचे पाणी प्यालो, तोंड धुतले आणि साडेआठच्या सुमारास माथ्यावर पाऊल ठेवले. देऊळ केवढे? तीन माणसे आत बसली की भरले. आत शेंदूरचर्चित देवी, भोवती झेंडूच्या माळा. तेथे गेल्यावर मला एकदम आठवले, की ओटी भरावी ती सवाशिणीने. पुरुषाने ती कशी भरावी? इतका डोंगर चढून आलो आणि हा साधा प्रश्न घरातून निघताना सुचला नव्हता.

देवळाबाहेर पायथ्याच्या एका वाडीतली बाई दोन मुलींसह बसली होती. तिला अडचण सांगितली. "आणा इकडं, त्यात काय एवढं?" म्हणत तिने हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि आईचे नाव विचारले. मग त्या नावाने ओटी भरली. खणाची घडी तिने दोनदा नीट केली. दक्षिणा देऊ लागलो तर घेईना. प्रसादाचा नारळ तेवढा अर्धा घेतला.

तोवर ढग फाटले. पश्चिमेस अलंग, मदन, कुलंग हे तिन्ही दुर्ग एका रांगेत उभे, दक्षिणेकडे भंडारदऱ्याचे पाणी आणि त्यामागे रतनगडाची शिखरे. लोक या शिखरास महाराष्ट्राचे एव्हरेस्ट म्हणतात. मला ती उपमा रुचत नाही. ज्याला स्वतःची कथा आहे त्याला परक्याचे नाव कशाला? माथ्यावर पडलेल्या बाटल्या व खाऊच्या पिशव्या यांविषयी सणाच्या दिवशी अधिक लिहीत नाही. ज्या मुलीने केर काढण्यास नकार दिला, तिच्याच दारी तो टाकला जातो, एवढे लिहिल्यावाचून राहवतही नाही.

उतरण्यास चढण्याइतकाच वेळ लागला. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आई घटापाशी बसली होती. प्रसाद तिच्या हातावर ठेवला. तिने तो कपाळाला लावला आणि विचारले, "ओटी कोणी भरली?" मी त्या बाईचे सांगितले. आई नुसती मान हलवीत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि थाळेमेळ? भांडी घासली ती जागा कोणाला विचारून पाहिलीस का?"

ती पाहायची राहून गेली होती.