मोबाईलवरून चालणारी घरातली यंत्रं : सोय किती, हौस किती?

बेळगाव : गिझर घ्यायला दुकानात गेलं की हल्ली किती लिटरचा पाहिजे हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘साधा देऊ की वाय-फायवाला?’ पंखा, वॉशिंग मशीन, एसी, बल्ब, सगळ्यांचं तेच. वाय-फायवाला थोडा महाग पडतो. ते जादाचे पैसे वसूल होतात का, हा खरा प्रश्न. उत्तर एकच नाही. वस्तूगणिक ते बदलतं.

गिझरचं गणित

१५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर घ्या. २५ अंशाचं पाणी ६० अंशापर्यंत तापवायला त्याला साधारण २० मिनिटं लागतात आणि वीज लागते जेमतेम ०.६ ते ०.७ युनिट. पाणी तापलं की आतला थर्मोस्टॅट वीज आपोआप तोडतो. म्हणजे गिझर चालू राहिला म्हणून तो दिवसभर २ किलोवॅट खात बसत नाही. पाणी निवेल तसा अधूनमधून चालू होतो, तेवढाच तोटा. त्यामुळे ‘अ‍ॅपने बंद केला की बिल निम्म्यावर’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तरीही थर्मोस्टॅट बिघडू शकतो, म्हणून गिझर विसरून चालू ठेवणं बरं नाहीच. ज्या घरात ही विसरभोळेपणाची सवय आहे, तिथे वेळ लावून आपोआप बंद होणारा गिझर कामाचा. पण त्यासाठी इंटरनेट लागतंच असं नाही, साधा टायमरसुद्धा ते काम करतो.

पंख्यात बचत कुणाची?

जुना छताचा पंखा ७० ते ७५ वॅट घेतो. नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. दहा तास चालला तर दिवसाला ०.४ युनिट, महिन्याला १२ युनिट वाचले. दुकानात हीच बचत दाखवून अ‍ॅपवाला पंखा गळ्यात मारतात. खरं म्हणजे बचत मोटरची आहे, अ‍ॅपची नव्हे. रिमोटवाला बीएलडीसी पंखा घ्या, बचत तेवढीच.

वॉशिंग मशीनचंही तसंच. कपडे धुऊन झाले हे मोबाईल सांगतो. पण कपडे आत टाकणं, साबण घालणं, वाळत घालणं आपल्याच हाताने. आणि नळाला पाणी आलंय की नाही, ते अ‍ॅपला कुठून कळणार?

दोनशे युनिटची रेघ

एका ठिकाणी मात्र हे तंत्र खरंच उपयोगी पडतं, ते म्हणजे वीज मोजायला. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. घराच्या आधीच्या सरासरी वापरावरून मोफत युनिटची मर्यादा ठरते. ती ओलांडली की वरच्या युनिटचे पैसे आणि २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरायचं. २०० युनिट म्हणजे दिवसाला साडेसहाच्या आसपास. कोणती वस्तू किती खाते हे मोजणारा स्मार्ट प्लग लावला, तर जुना फ्रिज की गिझर, चोर कोण ते महिन्याभरात कळतं. नुसता एकूण आकडा पाहिजे असेल तर दर रविवारी मीटरचं रीडिंग वहीत लिहा. ते फुकट आहे.

शेतातला पंप : खरा फायदा इथे

सगळ्यात जास्त उपयोग घरात नाही, विहिरीवर आहे. थ्री फेज वीज पुष्कळदा रात्री येते. काळोखात बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, विंचू-सापाची भीती, पावसात ओल्या पेटीला हात लावायचा. सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर बसवला की घरातून फोन करून मोटर चालू-बंद होते. त्याला वाय-फाय लागत नाही, साधा मोबाईलही चालतो. चांगल्या स्टार्टरमध्ये एक फेज गेला किंवा विहिरीतलं पाणी संपलं की मोटर आपोआप थांबण्याची सोय असते. जळालेली मोटर भरून घ्यायचा खर्च ज्याने केलाय त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

धोका कुठे आहे?

आमच्याच घरची गोष्ट. भावाने पुण्यातून आईसाठी अ‍ॅपवाले स्विच बसवून दिले. अ‍ॅप त्याच्या मोबाईलवर, पासवर्ड त्याच्याकडे. एकदा इंटरनेट गेलं तर आई अंधारात बसून त्याला फोन लावत होती! भिंतीवरचं बटण दाबलं तरी दिवा लागतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक यंत्राची नव्हे, आमची.

दुसरा धोका कंपनीचा. यातली बरीच यंत्रं कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात. अमेरिकेत २०१६ साली रिव्हॉल्व आणि एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन यांचे सर्व्हर बंद झाले, तेव्हा लोकांची चांगली चालणारी उपकरणं अ‍ॅपला दाद देईनाशी झाली. तिसरा धोका पासवर्डचा. २०१६ मध्येच ‘मिराय’ व्हायरसने कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते.

घेण्याआधी एवढं विचारा

- इंटरनेट नसताना हाताने चालतं का?
- वीज जाऊन परत आली की यंत्र चालू होतं की बंदच राहतं? फ्रिज अशा प्लगवर लावून गावाला गेलात तर दूध-भाजी सगळं गेलं.
- प्लग किती अ‍ॅम्पिअरचा? गिझरला १६ अ‍ॅम्पिअरचाच पाहिजे. ६ वाला तापून वितळेल.
- घरातलं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं ना? बरेच प्लग त्याच्यावरच जोडले जातात.
- घरात राहणाऱ्या प्रत्येकाला ते चालवता येईल का?

इस्त्री, शेगडी, हीटर यांसारखी वस्तू मात्र समोर माणूस नसताना दुरून चालू करूच नये.

थोडक्यात, जिथे जाणं त्रासाचं किंवा धोक्याचं आहे, किंवा जिथे मोजमाप पाहिजे, तिथे पैसे घाला. चार पावलांवरच्या बटणासाठी नको. आणि बसवलंत, तर आईला शिकवून मगच पुण्याची गाडी पकडा.