आरएफसी ते एपीआय: जोडण्यांची तीन दशकं

१९९२ मध्ये सॅपचं आर/३ हे सॉफ्टवेअर आलं, तेव्हा कंपनीचा सगळा कारभार एकाच सिस्टीममध्ये चालेल अशी अपेक्षा होती. तसं क्वचितच झालं. पगाराचं सॉफ्टवेअर वेगळं राहिलं, गोदामाचं वेगळं, बँकेचं तर वेगळंच. मग रात्री फाइल काढायची आणि पलीकडच्या जॉबने ती उचलायची. कित्येक कारखान्यांत हे अजून चालतं, कारण घोळ झाला तर फाइल उघडून बघता येते.

आरएफसीने, म्हणजे रिमोट फंक्शन कॉलने, दोन सिस्टीमचं थेट बोलणं सोपं केलं. सॅपच्या एसएम५९ या स्क्रीनवर जोडणीचा टाइप निवडायचा: पलीकडेही सॅप असेल तर ३, बाहेरचा प्रोग्रॅम असेल तर टी, बाहेरचा एचटीटीपी सर्व्हर असेल तर जी. हे पाठ व्हायला वेळ लागत नाही. डोकं लावावं लागतं ते पुढे. ग्राहकाची उधारीची मर्यादा तपासायची तर उत्तर तिथल्या तिथे हवं, म्हणून कॉल सिंक्रोनस. मग पलीकडची सिस्टीम बंद पडली की इथला माणूसही खोळंबतो. माल निघाल्याची नोंद पाठवायची तर ट्रान्झॅक्शनल आरएफसी बरा. पलीकडे कोणी नसलं तरी कॉल जपून ठेवला जातो आणि ट्रान्झॅक्शन आयडीमुळे दोनदा लागू होत नाही. क्रम मात्र तो पाळेलच असं नाही. त्यासाठी रांगेचा क्यूआरएफसी आला. त्यात पुढचा अडकला की मागचे सगळे अडकतात.

आयडॉकने, म्हणजे सिस्टीममध्ये पाठवल्या जाणाऱ्या ठरावीक साच्यातल्या दस्तऐवजाने, वेगळाच वाद दिला. पाठवणाऱ्याकडे स्टेटस ०३, म्हणजे रवाना. घेणाऱ्याकडे ५१, म्हणजे पोहोचला पण पोस्ट झाला नाही. दोन्ही टीम आपापल्या जागी बरोबर, आणि कारण बहुतेक वेळा किरकोळ: तो मटेरिअल कोड पलीकडे उघडलेलाच नसतो.

२००२ च्या सुमारास सॅपचं एक्सआय सिस्टीममधला मध्यस्थ म्हणून आलं, त्याचंच पुढे पीआय आणि पीओ झालं. दशकभराने मोबाइल आणि ब्राउझरसाठी सॅपच्या गेटवेने ओडेटा एपीआय आणले. भारतात या जोडण्यांची खरी कसोटी १ ऑक्टोबर २०२० ला लागली. पाचशे कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा पाच कोटींवर आली. बिलाचा जेसन सरकारी पोर्टलवर जातो आणि आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) व क्यूआर कोड परत येतात. ते येईपर्यंत चाकणच्या कारखान्याच्या गेटवर भरलेला ट्रक हलत नाही. इथे रात्रीच्या फाइलचा उपयोग नाही.

आता पीओचा नियमित सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, म्हणून जुने इंटरफेस क्लाउडवर हलवायची लगबग आहे. त्यासाठीच्या एक्सेल याद्यांत टाइप, पोर्ट, युजर असे सगळे रकाने असतात. उत्तर आलं नाही तर काम थांबवायचं का आणि अडकलेलं कोणी सोडवायचं, हे दोन रकाने बहुधा नसतात. ते आधी भरले, तर टाइप निवडायला फार वेळ लागत नाही.