हिवाळ्यातील आहार-विहार : थंडीत वाढलेली भूक मारू नका!



थंडी पडू लागली की सकाळी अंथरुणातून उठायला नको वाटतं. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, वर्गात निम्म्या मुलांची नाकं वाहत असतात. तरीही आयुर्वेद म्हणतो, हेच दिवस तब्येत कमावण्याचे! असं का, ते आज समजून घेऊया.

आधी माझ्या वर्गातला एक प्रसंग सांगते. शनिवारची सकाळची शाळा होती. परिपाठ सुरू असताना तिसरीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. "काय खाऊन आलीस गं?" असं विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाई, नुसता चहा." आदल्याच आठवड्यात मी संतुलित आहाराचा पाठ शिकवला होता. मुलांनी उत्तरंही बरोबर लिहिली होती. पण सकाळी कोण काय खाऊन येतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून हजेरीसोबत हा प्रश्नही रोज विचारते.

थंडीत भूक का वाढते?

मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत ऋतू आणि माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या आणि वाग्भटांच्या अष्टांगहृदयातील तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. बाहेरच्या थंडीमुळे शरीरातील उष्णता आत कोंडली जाते आणि जठराग्नी, म्हणजेच पचनशक्ती, प्रखर होते, असं त्यात म्हटलं आहे. समजा, चूल धडधडून पेटली आहे आणि तिच्यात सरपणच नाही. मग हा अग्नी शरीरातील रसधातूच आटवू लागतो आणि वात वाढतो. त्वचा कोरडी पडणं, अंग आखडणं, थकवा येणं ही वाताचीच लक्षणं. म्हणून हिवाळ्यात उपाशी राहणं किंवा अगदी हलकं, कोरडं खाणं टाळायला सांगितलं आहे.

काय खावं?

या ऋतूत गोड, आंबट, खारट चवीचे आणि स्निग्ध पदार्थ चांगले. त्यासाठी काजू-बदामच हवेत असं मुळीच नाही. आपल्या स्वयंपाकघरातच सगळं आहे :

१) बाजरीची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा किंवा तूप, सोबत लसणाची चटणी.
२) तीळ, गूळ आणि शेंगदाण्याचा लाडू. तिळात स्निग्धता आहे, कॅल्शियमही भरपूर आहे.
३) डिंकाचा, मेथीचा किंवा अळिवाचा लाडू. हे पचायला जड, म्हणून सकाळी एकच पुरे.
४) आवळा, गाजर, पावटा, ओला हरभरा, मेथी अशा हंगामी भाज्या आणि फळं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी आठवा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सगळ्या हंगामी भाज्यांची मिसळीची भाजी! आपल्या आजी-पणजीने ऋतुचर्या सणातच बसवून ठेवली होती.

दिनचर्या कशी असावी?

- आंघोळीपूर्वी तिळाचं तेल कोमट करून अंगाला लावावं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची सवय तिथेच थांबवू नये.
- अंगावर गरम पाणी घ्यावं, पण डोक्यावर फार कढत पाणी ओतू नये. ते केसांना व डोळ्यांना चांगलं नाही.
- व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीने करावा. कपाळावर घाम आला की थांबावं.
- सकाळचं कोवळं ऊन घ्यावं, कान झाकावेत, दुपारची झोप टाळावी.
- फ्रिजमधलं पाणी, आइस्क्रीम आणि शिळं अन्न नको.

एवढी काळजी घ्याच

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ व लाडू डॉक्टरांना विचारूनच खावेत. मुलाला धाप लागत असेल किंवा ताप उतरत नसेल, तर काढ्यावर विसंबून न राहता दवाखाना गाठा. फाल्गुन सरत आला, की जड आणि गोड खाणं हळूहळू कमी करा. कारण हिवाळ्यात साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि सर्दी-खोकला सुरू होतो.

पालकहो, सकाळी कामावर जायची तुमची घाई मला ठाऊक आहे. रोज गरम नाश्ता जमेलच असं नाही. पण रविवारी तासभर काढून तीळ-शेंगदाण्याचे लाडू वळून डब्यात भरून ठेवा. सकाळी एक लाडू आणि कपभर गरम दूध पोटात गेलं, तरी लेकरू परिपाठाला ताठ उभं राहतं.

आणि मुलांनो, उद्या वर्गात मी विचारणार आहे, "आज काय खाऊन आलात?" उत्तर नुसतं "चहा" नको हं!