बॅटरी मेली की उपाशी?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बॅटरीवर लिहावे हा विज्ञान शाखेच्या मित्रांना आगाऊपणा वाटेल. पण गरज काही शाखा विचारून येत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत चार दिवसांवर आलेली आणि आबांनी दोन शेळ्या विकून घेतलेला जुना लॅपटॉप चार्ज होईना! आमच्या गावी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. बॅटरी नसेल तर भरलेला अर्धा अर्ज विजेबरोबरच जायचा.

तालुक्याच्या दुकानदाराने नुसते पाहून निकाल दिला, "बॅटरी गेली. अडीच हजार पडतील." तेवढे पैसे नव्हते, म्हणून नाइलाजाने डोके चालवावे लागले.

पडद्यावर 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' अशी अक्षरे होती. लॅपटॉप चालत होता, म्हणजे वीज येत होती. बॅटरीपर्यंत मात्र पोचत नव्हती. वाचकहो, खरी मेख इथेच आहे. काही अडॅप्टरच्या गोल टोकात मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. चार्जिंगची वीज तिच्यातून जात नाही. 'मी अमुक वॅटचा अडॅप्टर' ही ओळख ती लॅपटॉपला पटवून देते. पिन वाकली किंवा तिची तार आत तुटली, की ओळख पटत नाही. मग लॅपटॉप रडतखडत चालतो, पण बॅटरीला वीज देत नाही. आमची पिन वाकलेली होती. वसतिगृहातल्या मित्राचा त्याच कंपनीचा, तितक्याच व्होल्टचा व वॅटचा अडॅप्टर लावला, आणि चार्जिंगचा दिवा लागला! (दुसऱ्याच व्होल्टचा अडॅप्टर लावून पाहण्याचे धाडस कोणी करू नये.)

अडॅप्टर ठीक असेल तर सेटिंग पाहावे. बॅटरी टिकावी म्हणून ८० टक्क्यांना चार्जिंग थांबवण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपमध्ये असते. तो बिघाड नव्हे. बॅटरी खरोखर थकली आहे का, हे विंडोजच्या बॅटरी अहवालात कळते. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिलेली असते. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र प्रयोग बंद. चार्जर काढावा, ती दाबू नये, टोचू नये. लिथियमच्या बॅटरीला आग लागते.

आमची बॅटरी अहवालात साठ टक्के निघाली. वीज गेल्यावर तासभर तग धरते. अर्ज शेवटच्या दिवशी गेला, तोही अंधारात.