ऊन लागू नये म्हणून

23 मे 2013 रोजी नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा शहरात तहान लागायची वाट पाहून चालत नाही. तहान जाणवते तेव्हा शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. लघवीचा रंग पाहा. ती गडद पिवळी झाली की पाणी वाढवा. घामातून मीठही जातं, म्हणून कैरीचं पन्हं किंवा मीठ घातलेलं ताक घ्या. मधुमेह असेल तर पन्ह्यात गूळ बेताचाच, आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर मीठ डॉक्टरांना विचारून.

फिरायला फुटाळा, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्स, पण सूर्य वर येण्याआधी. दुपारी बारा ते तीन शक्यतो सावलीतच. निघावंच लागलं तर डोक्याला, कानांना सुती दुपट्टा बांधा. खिशातला कांदा उन्हापासून वाचवत नाही, तो जेवणात खा.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.